वार्धक्याचे बिऱ्हाड

वृद्ध माणसाने मुलाबाळांच्या घरात राहावे की समवयस्कांच्या स्वतंत्र वसाहतीत, हा प्रश्न शहरातील बहुतेक सुशिक्षित कुटुंबांत केव्हा ना केव्हा निघतोच. तो निघाला म्हणजे दोन ठराविक मते ऐकावयास मिळतात. पहिले मत असे की, वृद्धाश्रम ही परकी कल्पना आहे. आपल्याकडे एकत्र कुटुंबात म्हातारी माणसे सुखाने नांदत होती आणि हल्लीच्या पिढीने ती रीत मोडली. दुसरे मत असे की, कुटुंबे लहान झाली, मुले दूरदेशी गेली, तेव्हा सोयीची वसाहत हाच आता शहाणपणाचा मार्ग होय. पहिल्या मतात इतिहासाचे विस्मरण आहे आणि दुसऱ्यात खेड्यांचे. म्हणून आज या प्रश्नाचा विचार करताना मी श्रोत्यांना पुण्यामुंबईहून थोडे दूर, बालाघाटाच्या डोंगरावर आणि गोदावरीच्या काठी, बीड जिल्ह्यात नेणार आहे. म्हाताऱ्यांची वसाहत म्हणजे काय, हे त्या जिल्ह्याला कोणी शिकवावयास नको.

प्रथम जुन्या काळाकडे वळू. आपल्या धर्मशास्त्राने वृद्धाने घरातच राहावे असे कधी सांगितलेले नाही. अंगावर सुरकुत्या दिसू लागल्या, केस पिकले आणि नातू झाला, की गृहस्थाने वनाची वाट धरावी, अशी वानप्रस्थाची आज्ञा आहे. प्रत्यक्षात वनात किती जण गेले असतील ते असोत. पण उतारवयात घरावरचा हक्क सोडून बाजूला होण्याची कल्पना परकी नाही, एवढे यावरून ठरते. पुढे वनाची जागा क्षेत्राने घेतली. काशीवास हा त्याचा सर्वांत प्रसिद्ध प्रकार. काशीत देह ठेवावा म्हणून श्रद्धेने गेलेली माणसे पुष्कळ होती. परंतु घरात नकोशी झालेली विधवा तीर्थाच्या नावाने दूर पाठवून द्यावयाची, असाही प्रकार त्या पवित्र शब्दाच्या आडून दीर्घकाळ चालला. काशीच्या आणि वृंदावनच्या विधवांची कहाणी त्याची साक्ष देते. एकत्र कुटुंबात सर्व वृद्ध सुखी होते, हे म्हणणे म्हणूनच जपून करावे. ज्याच्या नावावर जमीन होती, ज्याच्या हाती किल्ल्या होत्या, त्याचे म्हातारपण मानाचे गेले. ज्याच्यापाशी काहीच नव्हते त्याचे, आणि विशेषतः निपुत्रिक विधवेचे, म्हातारपण कसे गेले ते त्या काळी फारसे कोणी लिहून ठेवले नाही.

याला एक लक्षणीय अपवाद आहे आणि तो मराठी वाङ्मयाच्या अगदी आरंभीचा आहे. बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात गोदावरीच्या काठी पांचाळेश्वर नावाचे स्थान आहे. महानुभाव पंथीय त्याला आत्मतीर्थ म्हणतात. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी प्रवर्तित केलेल्या या पंथाने स्त्रियांना संन्यासाचा अधिकार दिला. त्यामुळे ज्यांना घर उरले नव्हते अशा अनेक स्त्रिया, त्यांत वयस्क विधवाही आल्या, पंथाच्या परिवारात राहू लागल्या. आद्य मराठी कवयित्री म्हणून जिचा गौरव होतो ती महदाइसा त्यांपैकीच एक. स्वामींच्या पश्चात पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे आली. त्यांचे विद्वान शिष्य केशिराज संस्कृतात ग्रंथरचना करू इच्छीत होते. तेव्हा आचार्यांनी त्यांना मोडता घातला. संस्कृतात लिहिले तर आपल्या परिवारातील म्हाताऱ्या ज्ञानाला मुकतील, असे त्यांचे म्हणणे होते. मराठीच्या अभिमानाचे उदाहरण म्हणून ही आठवण शाळेपासून सांगितली जाते. आजच्या विषयाच्या दृष्टीने तिच्यात आणखी एक अर्थ आहे. निराधार म्हाताऱ्यांना केवळ भिक्षान्नाचा वाटा देऊन तो परिवार थांबला नाही. पंथाचे ग्रंथ कोणत्या भाषेत व्हावेत, हे त्या म्हाताऱ्यांकडे पाहून ठरले. वृद्धांच्या सामुदायिक निवासाची यापेक्षा मोठी प्रतिष्ठा मला तरी आपल्या इतिहासात दुसरीकडे आढळत नाही.

आता युरोपचा दाखला घेऊ. कारण वृद्धाश्रमाचे पितृत्व आपण त्या खंडाकडे देतो. जर्मनीतील आउग्सबुर्ग शहरात याकोब फुगर या धनाढ्य सावकाराने १५२१ साली गरीब, सचोटीच्या नगरवासीयांसाठी एक वसाहत बांधली. ती आजही वसलेली आहे. वर्षाचे भाडे जुन्या एका गुल्डनइतके, म्हणजे आजच्या एका युरोहूनही कमी; अट एवढीच की, राहणाराने दात्याच्या कुळासाठी रोज तीन प्रार्थना म्हणाव्यात. प्रत्येक कुटुंबाला स्वतःचा दरवाजा आणि स्वतःची चूल होती. याच्या उलट चित्र इंग्लंडचे. १८३४ च्या कायद्याने तेथील गरिबांची व्यवस्था श्रमगृहांकडे सोपविली आणि आत आलेल्या नवराबायकोंना निरनिराळ्या विभागांत ठेवण्याचा नियम झाला. जन्मभर कष्ट केलेले जोडपे शेवटच्या दिवसांत एकमेकांस पारखे होई. छप्पर होते, अन्न होते. तरीही तेथे जाण्यापेक्षा उपाशी मरणे बरे, असे गरीब लोक मानीत. या लाजिरवाण्या स्थितीवर १९०८ साली उतारा निघाला तो नवी इमारत बांधून नव्हे. सत्तर वर्षांवरील गरिबाला आठवड्यास पाच शिलिंगांपर्यंत निवृत्तिवेतन देण्याचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९०९ पासून ती रक्कम टपाल कचेरीत मिळू लागली. म्हातारा आपल्या घरी राहून आपले पैसे घेऊ लागला. त्या देशात तरी वृद्धांची अब्रू भिंतींपेक्षा या पाच शिलिंगांनी अधिक राखली.

महाराष्ट्रात आधुनिक पद्धतीची सोय झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात. मुंबईचे बगदादी यहुदी व्यापारी डेव्हिड ससून यांच्या देणगीतून पुण्यात अनाथ-पंगूंसाठी निवासगृह निघाले. आज ते ‘निवारा’ या नावाने ओळखले जाते. ससूनांच्या या गृहात धर्माची वा जातीची अट मुख्य नव्हती, असहायता ही मुख्य होती, हे त्याचे मोठेपण. मात्र त्याच्या मूळ नावातच वृद्ध हा अनाथ आणि पंगू यांच्या पंगतीला बसला होता, हेही ध्यानात ठेवावे. पुढे शंभराहून अधिक वर्षे आपल्याकडील वृद्धाश्रम दानाच्या याच कल्पनेवर चालले.

१९९५ साली राज्य शासनाने ‘मातोश्री वृद्धाश्रम’ योजना काढली, तेव्हा या कामात सरकार उघडपणे उतरले. या शतकाच्या आरंभी पुण्यात ‘अथश्री’सारख्या वसाहती उभ्या राहिल्या आणि अगदी निराळा वर्ग या कल्पनेकडे वळला. येथे दानाचा प्रश्न नव्हता. स्वतःच्या पैशाने सदनिका घ्यावयाची; जिन्याऐवजी उतरण, न्हाणीघरात धरावयास कठडा, हाकेच्या अंतरावर वैद्य, तयार भोजन आणि समवयस्कांची संगत, अशी सोय मिळवावयाची. अमेरिकेत १ जानेवारी १९६० रोजी ॲरिझोना प्रांतात सन सिटी नावाची नगरी याच धर्तीवर खुली झाली होती. पंचावन्न वर्षांवरील माणसांसाठीच ती काढलेली असल्यामुळे मुलांना घेऊन तेथे कायमचे राहता येत नाही.

या सशुल्क वसाहतीचे गुण नाकारण्यात अर्थ नाही. घरात दिवसभर एकट्या पडणाऱ्या वृद्धाला बोलावयास माणूस मिळते. अपरात्री छातीत कळ आली तर धावून येणारे कोणी असते. वयाची साठी उलटलेल्या गृहिणीची चूल सुटते, हा लाभ तर आपण नेहमीच विसरतो. सासूसासऱ्यांची सेवा हा कुटुंबाचा धर्म असे आपण म्हणतो खरे. परंतु तो धर्म बहुतेक घरांत एकट्या सुनेच्या हातांनी पाळला जातो. नोकरी करून ती सेवा करणाऱ्या स्त्रीला कोणी विचारले, तर ती वृद्धाश्रमाला परकी कल्पना म्हणून नावे ठेवील असे मला वाटत नाही. आणि मुलावर ओझे न होता राहण्यात ज्यांना आत्मसन्मान वाटतो, अशा आईवडिलांची निवड ही निवडच मानली पाहिजे. तिच्यात मुलांचा कृतघ्नपणा शोधणे अन्यायाचे होय.

दोषही तितकेच खरे आहेत. पहिला असा की, जेथे सर्वच वृद्ध तेथे दर काही दिवसांनी शेजारचे एक दार बंद होते आणि मृत्यू हा नित्याचा शेजारी बनतो. लहान मुलाचे रडणे, परीक्षेची घाई, लग्नाची गडबड यांतून म्हाताऱ्या माणसाला आपण अजून जगात आहोत असे वाटते. तो गलबला येथे नाही. दुसरा दोष पैशाचा. शुल्क वाढत जाते, साठविलेली पुंजी वाढत नाही. आणि वसाहतीतील सोयी प्रामुख्याने हिंडत्याफिरत्या वृद्धासाठी असल्या, तर अंथरुणाला खिळल्यावर पुन्हा नवी जागा शोधावी लागते. करार करताना हा प्रश्न आधी विचारावा. तिसरा दोष सर्वांत सूक्ष्म आहे. घरात म्हातारा माणूस कटकट करतो, सल्ला देतो, नातवाला रागावतो. म्हणजे त्याचे काही चालते. वसाहतीत त्याची सेवा होते, पण त्याच्यावाचून कोणाचे अडत नाही.

आता बीडकडे येऊ. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख ८५ हजार होती. त्या वेळी महाराष्ट्रात साठीवरील माणसांचे प्रमाण शंभरांत दहाच्या आसपास होते. तेच प्रमाण येथे धरले, तर जिल्ह्यात अडीच लाखांच्या घरात वृद्ध होते असे म्हणता येईल. परंतु या जिल्ह्यातील वार्धक्य समजण्यास नुसती संख्या पुरत नाही. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी, केज या भागांतील जमीन हलकी आणि पाऊस बेभरवशाचा. पश्चिम महाराष्ट्रात प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०–५१ साली झाला. पुढे कारखाने वाढले, ऊस वाढला आणि तो तोडावयास माणसे लागू लागली. १९७२ च्या दुष्काळाने या वाटेवर लोंढा लोटला. तेव्हापासून दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली लाखो माणसे बैलगाड्यांतून, ट्रकांतून, ट्रॅक्टरांतून पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवराबायको मिळून तेथे एक ‘कोयता’ मोजला जातो. ती माणसे परततात उन्हाळ्याच्या तोंडी.

मग गावात मागे कोण राहते? म्हातारी माणसे आणि नातवंडे. चार-सहा महिने पुष्कळ वाड्यातांड्यांवर तरुण माणूस दृष्टीस पडत नाही. या दिवसांत ही गावे वृद्धांचीच वसाहत होतात. मात्र कोणी बांधलेली नव्हे, आपोआप घडलेली. तेथे वैद्य हाकेच्या अंतरावर नसतो. धरावयास कठडा नसतो. सत्तरीची आजी हंडा घेऊन पाण्याला जाते, चुलीपुढे बसून भाकऱ्या थापते, नातवाला शाळेत घालविते, गोठ्यातील जनावर सांभाळते. शहराच्या वसाहतीत जे काही नाही ते सारे येथे आहे, आणि शहरात जे आहे त्यातले येथे काहीच नाही. पुण्याच्या वृद्धाला आपल्यावाचून कोणाचे अडत नाही याचे दुःख. बालाघाटावरच्या वृद्धेवाचून साऱ्या घराचे अडते आणि तिचे स्वतःचे अडले तर विचारणारे कोणी नाही.

यात आणखी एक गोष्ट आहे. कायदा साठीला वार्धक्य मानतो. कोयत्याच्या कामात शरीर त्याच्या पुष्कळ आधी थकते. २०१९ साली ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची शासकीय चौकशी झाली. पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी तेरा हजारांहून अधिक स्त्रियांवर ती शस्त्रक्रिया झालेली आढळली आणि त्यांतील पुष्कळ जणी चाळिशीच्या आतल्या होत्या. ज्यांचे तारुण्यच अकाली संपते, त्यांचे म्हातारपण जन्मतारखेवरून मोजता येत नाही.

या लोकांसाठी कायद्याने काय योजिले आहे? आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा संसदेने २००७ साली केला. त्यान्वये दुर्लक्षित आईबापांना न्यायाधिकरणापुढे जाऊन दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मागता येतो. सांभाळण्याच्या अटीवर मुलाला दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास, परत मिळविता येते. बीडच्या शेजारील लातूर जिल्हा परिषदेने तर २०२० साली ठराव करून, आईवडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या वेतनातून तीस टक्के रक्कम कापून ती त्या आईवडिलांना देण्याचे ठरविले. उपाय कडक आहे आणि ज्याला वेतन आहे त्याला तो लागू पडतो. परंतु ज्या मुलाचे पुढील हंगामाचे कष्टदेखील उचलीपोटी आधीच बांधले गेले, त्याच्याविरुद्ध आईने कोठे दाद मागावी आणि काय मिळवावे? तो कृतघ्न नसतो. तो दूरच्या फडात असतो.

याच कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, दीडशे निर्धन वृद्धांची सोय होईल असा आश्रम राज्य शासनाने काढावा, असे कलम आहे. पण त्याची भाषा आज्ञेची नाही. शासनास तसे ‘करता येईल’ एवढेच ते म्हणते. समजा, आश्रम उत्तम चालला आणि दीडशेच्या दीडशे जागा भरल्या; तरी वर सांगितलेल्या अडीच लाखांत दहा हजारांमागे सहा जणांची सोय झाली. ज्याला खरोखर कोणीही नाही, ज्याला घरात मारहाण होते, ज्याला रस्त्यावर सोडून दिले आहे, त्याला असा आश्रम हवाच; त्याच्या बाबतीत गुणदोषांची चर्चा करीत बसणे निर्दयपणाचे होईल. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, काळ सोकावतो, अशी आपल्याकडे म्हण आहे. एका म्हातारीला रस्त्यावर मरू दिले, की पुढच्या दहा जणींना टाकणाऱ्यांची भीड चेपते. परंतु उरलेल्या बहुसंख्य वृद्धांना गाव सोडावयाचे नाही, नातवंडांमुळे सोडताही येत नाही. त्यांच्यासाठी सोय गावात न्यावी लागेल.

ती नेता येते, याची उदाहरणे जिल्ह्यातच आहेत. अंबाजोगाईस डॉ. द्वारकादास लोहिया यांनी १९८२ साली स्थापन केलेल्या ‘मानवलोक’ संस्थेने निराधार वृद्धांसाठी त्यांच्याच गावात सामुदायिक स्वयंपाकघर चालविण्याचा मार्ग धरला. वृद्ध आपल्या खोपटात, आपल्या शेजारपाजारात राहतो आणि शिजलेले अन्न त्याला गावातच मिळते. त्याला उचलून आश्रमात न नेता आश्रमातील एक चूल त्याच्या गावात आणली, एवढाच यातील फरक. पण तो फार मोठा आहे. अंबाजोगाईलाच स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय आहे. तेथून आठवड्याला एक फिरता वैद्य हंगामाच्या महिन्यांत ओस पडणाऱ्या वस्त्यांवर गेला, तर वसाहतीतील दुसरी मोठी सोयही गावात आली असे होईल.

तिसरी गोष्ट रोख पैशाची. राज्याच्या निवृत्तिवेतनाच्या योजनेला श्रावणबाळाचे नाव आहे. नावाची निवड मार्मिक आहे. आंधळ्या आईबापांची कावड वाहणाऱ्या मुलाची जागा शासनाने स्वतःकडे घेतली. पासष्ट वर्षांवरील निराधाराला मिळणारी ही रक्कम २०२३ साली महिना दीड हजार रुपये करण्यात आली. दिवसाला पन्नास रुपये. तेवढ्यात म्हातारपण निभत नाही. तरीपण ती रक्कम वेळेवर, हेलपाटे न घालता आणि आजीच्या स्वतःच्या हाती पडली, तर घरात तिचा शब्द थोडा वजनदार होतो. १९०९ च्या इंग्लंडात टपाल कचेरीपुढे उभ्या राहिलेल्या वृद्धांना जे मिळाले, ते हेच.

तात्पर्य, वसाहत बरी की घर बरे, असा सरधोपट सवाल इतिहासाला मान्य नाही. घरे वाईट असू शकतात. काशीवासाच्या नावाने टाकलेल्या विधवा घरांतूनच निघाल्या होत्या. वसाहती थोर असू शकतात. पंथाची भाषा ज्यांच्यासाठी राखली गेली त्या म्हाताऱ्या घराबाहेरच राहत होत्या. म्हणून शहरातील श्रोत्यांनी आपल्या आईवडिलांसाठी, किंवा स्वतःसाठी, जागा पाहावयास जाताना तीन प्रश्न बरोबर न्यावेत. तेथे जाण्याचा निर्णय जाणाऱ्याने घेतला आहे काय? तेथे आपल्या पैशावर आणि आपल्या दारावर त्याची सत्ता राहील काय? आणि तेथे त्याच्यावाचून कोणाचे काही अडेल काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे चांगली वसाहत देऊ शकते. तिसऱ्याचे उत्तर तिला एकटीला देता येत नाही; त्यासाठी मुलांनी, नातवंडांनी आणि शेजाऱ्यांनी तेथे जात राहावे लागते, आणि नुसते खाऊ घेऊन नव्हे, तर काही विचारावयास, काही शिकावयास.

बीडच्या आजीला तिसऱ्या प्रश्नाची चिंता नाही. तिच्यासाठी पहिले दोनच सोडवावयाचे आहेत, आणि तेही अवघड नाहीत: गावात एक चालती चूल, ठरल्या दिवशी येणारा वैद्य आणि वेळेवर हातात पडणारे पैसे. साखर गोड लागते ती ज्यांच्या कष्टांनी, त्यांच्या आयांचे हे एवढे देणे आपण सर्वांनी लागतो. यंदाचा दसरा उलटून बैलगाड्या पुन्हा घाट उतरू लागतील, तेव्हा ते फेडावयास आरंभ झालेला असावा, एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.